डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: शाकाहारी मराठी कुटुंबाने आधी पैसे भरावेत का?

हिशेबी

ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये हॉटेलचं पॅकेज घेताना एक प्रश्न समोर येतोच: जेवणाची योजना जोडायची का? आई-बाबा भारतातून येणार, मुलांना सुट्टी, पाच रात्रींचं बुकिंग. मग "एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही" म्हणून बरेच जण हो म्हणून टाकतात. माझं मत स्पष्ट आहे. घरातली मोठी माणसं शाकाहारी आणि न पिणारी असतील, तर ही योजना घेऊ नये. कारण आकड्यांत आहे, म्हणून आकडेच मांडतो.

ही योजना २००५ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये कोविडमुळे बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत आली. आता तिचे दोनच प्रकार आहेत. क्विक-सर्व्हिस योजनेत माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक मिळतो. दुसऱ्या, मोठ्या योजनेत काउंटरवरचं एक जेवण, टेबलावर बसून वाढलेलं एक जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत मुक्कामापुरता पेय पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा एक मोठा कप मिळतो. काउंटरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. टेबलाच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय, किंवा पूर्ण बुफे. योजनेतल्या अशा प्रत्येक जेवणाला किंवा स्नॅकला क्रेडिट म्हणतात. सुरुवातीचे पदार्थ आणि टिप यात नाहीत. २००८ पासून दोन्ही वगळलेले आहेत.

परत आली तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, दर असे होते: क्विक-सर्व्हिस मोठ्यांना ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३. मोठी योजना मोठ्यांना ९४.२८, मुलांना २९.६९. हे सगळे दर रात्रीचे, कर धरून. नंतर मोठ्यांचे दर वाढले, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा आकडा घालून हाच हिशेब करायचा.

आता काउंटर. शाकाहारी बोल किंवा बर्गर १४ डॉलरचा आणि सोडा ५ चा धरा. ६.५ टक्के विक्रीकरासह एक जेवण २०.२४, म्हणजे दोन जेवणं ४०.४७. स्नॅक ७ डॉलरचा धरला तर करासह ७.४६. कप सुटा २१.९९ चा धरला, तर करासह पाच रात्रींत वाटला की रात्रीला ४.६८. बेरीज ५२.६१. म्हणजे एकही क्रेडिट वाया न घालवता, प्रत्येक जेवणाला सोडा घेऊन, कप रोज वापरूनही माणशी रात्रीला ४.४० डॉलर तोटा. आणि आपल्याकडची मोठी माणसं जेवताना पाणीच पितात. काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं. सोडा आणि कप काढले की वापर ३७.२८ वर येतो आणि तोटा १९.७३ वर जातो. दोघा मोठ्यांना पाच रात्रींत १९७ डॉलर, म्हणजे मुलाच्या बऱ्याच दिवसांचं जेवण.

मोठ्या योजनेत तर टेबलाच्या एका जेवणावरच सगळं ठरतं. ९४.२८ मधून काउंटरचं जेवण, स्नॅक आणि कप असे ३२.३८ वजा केले की उरतात ६१.९०. करापूर्वी ५८ डॉलर. मेन्यूवर ५८ डॉलरचं जेवण झालं तर बरोबरी, त्याच्या खाली तोटा. टेबलावर शाकाहारी मुख्य पदार्थ पंचवीसचा, गोड अकराचं, पेय पाचचं: ४१. प्रत्येक क्रेडिटमागे १७ डॉलर गेले.

साखरभात

असहमत. तुमचाच ५८ चा आकडा मी तुमच्याविरुद्ध वापरते.

तुम्ही टेबलाचं जेवण म्हणजे मेन्यू पाहून मागवलेला एक पदार्थ असं धरलंत. लहान मुलं असलेलं घर ही क्रेडिटं तिथे वापरतच नाही. ती कॅरेक्टर बुफेवर जातात, म्हणजे मिकीसारखी डिस्नेची पात्रं टेबलापाशी भेटायला येतात अशा बुफेवर, जिथे शाकाहारी आणि मांसाहारी माणसाला दर एकच. शेफ मिकीज या बुफेला रात्रीच्या जेवणाचा दर मोठ्यांना ६० डॉलरच्या वर आणि मुलांना ४० च्या आसपास असतो, आणि क्रेडिट मात्र एकच लागतं. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो टेबलापाशी येतात. ॲनिमल किंगडम पार्कमधलं टस्कर हाउस, मॅजिक किंगडम पार्कमधलं क्रिस्टल पॅलेस, एपकॉट पार्कमधलं गार्डन ग्रिल, सगळी एका क्रेडिटची. गार्डन ग्रिलमध्ये ताट टेबलावर आणून देतात आणि शाकाहारी ताट वेगळं मागता येतं. रात्रीच्या जेवणाचे दर साठच्या घरात, म्हणजे मोठ्यांची बरोबरी तिथेच झाली.

आता मूल. रात्रीला २९.६९ भरून त्याला एकट्या बुफेमध्ये करासह ४२ डॉलरचं जेवण मिळतं. काउंटरचं जेवण आणि स्नॅक त्याच्या वर. इथे तोटा शोधूनही सापडत नाही. शिवाय २०२६ साठी डिस्नेने जाहीर केलंय की मोठ्यांनी योजनेसह पॅकेज घेतलं तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांची योजना मोफत. दोन लहान मुलं असतील तर तुमचा अख्खा तक्ता उलटा होतो.

दुसरा मुद्दा आकड्यांचा नाही, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. भारतातून आलेले आई-बाबा बोर्डावर १४ डॉलर वाचतात, मनात रुपयांत गुणाकार करतात आणि म्हणतात, "मला फारशी भूक नाही, तुम्ही खा." दुपारी तीन वाजता फ्लोरिडाच्या उन्हात त्यांना चक्कर येते. पैसे आधीच भरलेत, खाल्लं नाही तर वाया जातील, हे कळलं की तीच माणसं पोटभर जेवतात.

खानदेशी_खवय्या

हिशेबींची बेरीज बरोबर, निष्कर्ष फक्त त्यांच्या ताटापुरता. २०१८ पासून २१ वर्षांवरच्यांना जेवणाबरोबरच्या पेयात मद्यही घेता येतं. त्या सोड्याच्या जागी ११ डॉलरची बिअर ठेवा: एक जेवण करासह २६.६३, दोन ५३.२५. स्नॅक आणि कप धरून ६५.३९. रात्रीला माणशी ८.३८ फायदा, तोही साध्या क्विक-सर्व्हिस योजनेत, टेबल नको, टिप नको. चिकन किंवा बार्बेक्यूचं ताट घेतलं तर आणखी दोन-तीन डॉलर. वयाच्या पुराव्यासाठी भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवायचा.

मांसाहारी लोकांनी एक मात्र करू नये: स्टेकच्या मोहात "सिग्नेचर" म्हणवणाऱ्या उंची हॉटेलांत शिरणं. ल सेलिए, कॅलिफोर्निया ग्रिल, टिफिन्स, हॉलिवूड ब्राउन डर्बी ही सगळी दोन क्रेडिटांची आहेत. हिशेबींच्या नियमाने तिथे माणशी ११६ डॉलरचं जेवण व्हायला हवं. मुख्य पदार्थ, गोड आणि कॉकटेल मिळून तिथवर पोचणं अवघड आहे. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवणही दोन क्रेडिटांचं, आणि तिथला मोठ्यांचा दर ऐंशी-नव्वदच्या घरात. तिथे जायचं असेल तर ते जेवण रोख द्या.

हिशेबी

@खानदेशी_खवय्या, बिअरचा हिशेब मान्य, पण त्यात एक अट राहिली. मॅजिक किंगडममध्ये काउंटरवर मद्य मिळतच नाही, फक्त टेबलाच्या हॉटेलांत मिळतं. पहिल्यांदा येणारं कुटुंब पाचांतले दोन दिवस तरी त्याच पार्कमध्ये घालवतं. त्या दिवसांची चार जेवणं पुन्हा सोड्याच्या भावाने मोजा. पाच रात्रींच्या दहा जेवणांपैकी चार गेली की माणशी फायदा सोळा डॉलरच्या आसपास उरतो.

@साखरभात, ३ ते ९ वर्षांच्या मुलाबद्दल माझं चुकलं. मी मोठ्यांचाच हिशेब मांडला. पण त्या रेषेच्या पलीकडे काय आहे तेही बघा. दहा वर्षं पूर्ण झाली की मूल डिस्नेच्या लेखी मोठं. दहा-अकरा वर्षांची मुलगी बुफेमध्ये दोन चमचे पास्ता आणि आइस्क्रीम खाते, आणि तिचे ९४.२८ भरावे लागतात. आपल्याकडे फिरायला नेलेली मुलं बरीचशी दहा ते पंधराचीच असतात, कारण तोवर प्रवास झेपत नाही म्हणून आई-बाप थांबलेले असतात.

शेंगदाणा

दोघांनीही "शाकाहारी" हा शब्द फार सहज वापरला. योजनेत काय मिळतं यापेक्षा योजनेतलं काय खाता येतं, हा आधीचा प्रश्न आहे.

काउंटरवर सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे ॲनिमल किंगडमच्या पँडोरा भागातलं सातुली कँटीन. भात किंवा नूडल्स, वर तिखटसर टोफू, सॉस निवडायचा. आपल्या जिभेला जवळचं तेच. मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असेल तर पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य आहे. खूण नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये: रस्सा, सॉस, चीज, कशातही प्राणिज काही असू शकतं. तळलेल्या पदार्थांसाठी वेगळी कढई आहे का हे प्रत्येक काउंटरला विचारावं लागतं, कारण बटाट्याच्या काचऱ्या आणि चिकन एकाच तेलात तळलेलं असू शकतं.

शेवटच्या दिवशी उरलेल्या स्नॅक क्रेडिटांतून मिकीच्या आकाराचे राइस क्रिस्पी लाडू पिशवी भरून घेतात आणि भारतात वाटायला नेतात. ते मार्शमेलोचे असतात, मार्शमेलोत जिलेटिन असतं. घरातल्या कट्टर शाकाहारी माणसाला ते देऊ नका. आइस्क्रीम, प्रेट्झेल, डोल व्हिप चालतं. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या मुक्कामाच्या हॉटेलातल्या बोमा बुफेमध्ये झेब्रा डोम नावाचं गोड फार प्रसिद्ध आहे, त्यात अमारूला हे मद्य असतं, तेही मुलांना आणि आजी-आजोबांना वाढण्यापूर्वी सांगावं.

त्याच लॉजमधलं सना हे भारतीय-आफ्रिकन धाटणीचं टेबल-हॉटेल, एका क्रेडिटचं. नान, पराठे अशा पाच पोळ्या आणि नऊ चटण्या-कोशिंबिरींचं ताट पाहून कोणत्याही मराठी माणसाला वाटतं, हेच आपलं जेवण. पण ते सुरुवातीच्या पदार्थांत मोडतं, म्हणून योजनेत बसत नाही. लोक तिथे क्रेडिट वापरून मुख्य पदार्थ घेतात, वर ते ताट रोख मागवतात आणि अर्धं जेवण टाकून उठतात. सनाला जायचं तर क्रेडिट न वापरता ते एकच ताट दोघांत घ्या, वीस-पंचवीस डॉलरमध्ये जेवण होतं.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी, जैन असो वा व्रत, आरक्षण करतानाच विनंतीच्या रकान्यात लिहावं आणि टेबलावर बसल्या बसल्या शेफला भेटायला सांगावं. बुफेमध्ये शेफ सोबत फिरून काय चालेल ते दाखवतो, हवं तर आतून वेगळं करून आणतो. काउंटरवर हे जमत नाही. म्हणून कडक आहाराचा माणूस घरात असेल तर क्विक-सर्व्हिस योजना सरळ बाद.

आणि बाहेरचं अन्न आत नेता येतं. काचेची बाटली, मद्य आणि सुटा बर्फ सोडून. ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा कोणी अडवत नाही. प्रत्येक खोलीत छोटा फ्रिज असतो. स्वस्त हॉटेलांच्या साध्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो, पण खालच्या फूड कोर्टमध्ये असतो.

बोरीबंदर

पैशांइतकाच वेळही मोजा. कॅरेक्टर बुफेला बसायला, पात्रं फिरून जायला आणि बिल यायला साठ ते नव्वद मिनिटं लागतात. पाच रात्रींची पाच टेबलं म्हणजे सहा-साडेसहा तास. तितका वेळ पार्कच्या तिकिटातून कापला जातो, आणि तिकीट जेवणापेक्षा महाग असतं.

त्यात जाण्यायेण्याची भर. पॉप सेंच्युरी, ऑल-स्टार, आर्ट ऑफ ॲनिमेशन या स्वस्त हॉटेलांत टेबलाचं हॉटेलच नाही, फक्त फूड कोर्ट आहे. दोन डिस्ने हॉटेलांमध्ये थेट बस नसते. पॉप सेंच्युरीहून बोमा किंवा सनाला जायचं तर आधी ॲनिमल किंगडमची बस, तिथून लॉजची बस. तासभर गेला. म्हणून टेबलं घ्यायची तर त्या दिवशी ज्या पार्कमध्ये आहात त्याच पार्कमधली घ्या.

मुंबईहून आलेल्या माणसाचं शरीर उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतं. संध्याकाळी साडेसातचं टेबल त्याच्यासाठी पहाटे पाच आहे. पहिले दोन दिवस मूल बुफेसमोर झोपतं आणि आजोबांना रात्री दोनला भूक लागते. पहिल्या दोन दिवसांची टेबलं दुपारी साडेअकरा-बाराला घ्या, तीही रात्रीच्याच भावाच्या बुफेमध्ये. पात्रांसोबतची न्याहारी घेऊ नका. टोपोलिनोज या हॉटेलातली न्याहारी सुरेख आहे, पण दर पन्नासच्या आसपास, म्हणजे ५८ च्या खाली.

पुणे_३०

मोजणी रात्रींवर होते, दिवसांवर नाही, हे कोणी सांगितलं नाही. पाच रात्रींत सहा दिवस येतात आणि क्रेडिटं पाचच संच. ती रोजच्या रोज वाटली जात नाहीत. चेक-इन झाल्यावर सगळी एकदम खात्यात येतात, आणि चेक-आउटच्या दिवशी रात्री बाराला उरलेली संपतात. परतावा नाही. रात्री दहाला विमान उतरणार असेल तर तो दिवस वायाच, आणि क्रेडिटं पुढच्या पाच दिवसांत कोंबावी लागतात. सकाळी पोचणाऱ्याचा आणि रात्री पोचणाऱ्याचा हिशेब सारखा नाही.

एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला तीच योजना घ्यावी लागते. आजी-आजोबांसाठी नको आणि आम्हाला हवी, असं एका खोलीत चालत नाही. स्वस्त हॉटेलांच्या साध्या खोलीत पाच माणसं मावतही नाहीत, दोन खोल्या लागतात. मग खोल्या अशा वाटा: एकीत मुलांच्या आई-बाबांपैकी एक आणि मुलं, योजनेसह. दुसरीत आजी-आजोबा आणि उरलेला मोठा, योजनेशिवाय. मुलांची योजना मोफत असेल तर एका मोठ्याच्या योजनेच्या पैशांत मुलांची सगळी जेवणं निघतात. तीन वर्षांखालच्या बाळाला योजना नाही, ते मोठ्यांच्या ताटातून जेवतं, बुफेमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. योजना पॅकेजलाच जोडता येते. पॅकेजला आधी २०० डॉलर भरायचे, बाकी रक्कम ३० दिवस आधी. २९ ते २ दिवस राहिले असताना रद्द केलं तर २०० गेले. नुसती खोली पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण परताव्यावर सोडता येते. आई-बाबांच्या पासपोर्टवर शिक्का नसेल तर आधी नुसती खोली धरा. व्हिसा हातात आला की पॅकेजचं बघा.

साखरभात

पुणे_३० यांची दोन खोल्यांची वाटणी मला पटली, फक्त आजी-आजोबांना योजनेबाहेर ठेवणं पटलं नाही. सगळे एका टेबलावर बसले, नातवाचं आधीच भरलेलं आणि आजीचे ६५ डॉलर रोख, की आजी "मी नुसता चहा घेते" म्हणणार. त्यांच्यासाठीच तर मी ही योजना मागते आहे.

टिपबद्दल थोडं. टिप योजनेत नाही म्हणून योजना महाग, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो चूक आहे. रोख जेवलात तरी टिप द्यायचीच आहे.

हिशेबी

टिपचा मुद्दा अर्धाच बरोबर. रोख जेवणारं कुटुंब पाच दिवसांत एक, फार तर दोन कॅरेक्टर जेवणं करेल. योजना घेतलेलं पाच करतं, कारण क्रेडिटं आहेत. दोन मोठे आणि एक मूल, बिल १६० च्या आसपास, १८ टक्के म्हणजे २९ डॉलर. जास्तीच्या तीन जेवणांची टिप ८६. ती योजनेनेच खर्चात घातली. सहा किंवा जास्त माणसं टेबलावर असतील तर १८ टक्के बिलात आपोआप लागते, दोन मुलं आणि आजी-आजोबा दोघं असले की ते होणारच.

आई-बाबांच्या गुणाकाराचा प्रश्न खरा आहे, तो मी हलका मानत नाही. पण त्याला डिस्ने गिफ्ट कार्ड हा स्वस्त उपाय आहे. दोन मोठे आणि एक मूल यांची पाच रात्रींची मोठी योजना २०२४ च्या दराने १०९१.२५ डॉलर होते. तेवढीच रक्कम कार्डात भरा. टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीचं स्वतःचं कार्ड असेल तर डिस्ने गिफ्ट कार्डावर ५ टक्के सूट मिळते, म्हणजे ५४.५६ डॉलर आधीच वाचले. कार्ड आईच्या हातात द्या आणि सांगा, हे पैसे डिस्नेमध्येच खर्च करायचे आहेत. मनातली भीती तशीच जाते. फरक एवढाच की उरलेले पैसे बाराच्या ठोक्याला संपत नाहीत, कार्डाला मुदत नसते, बाहुली घ्यायलाही चालतात.

साखरभात

कार्ड हातात दिलं तरी बोर्डावरचा भाव दिसतोच ना. क्रेडिट वापरताना भाव मोजावा लागत नाही, पाच जेवणं आहेत आणि पाच जेवायची आहेत एवढंच दिसतं. कार्डात आकडा दर वेळी कमी होताना दिसतो, आणि आई नातीच्या बाहुलीसाठी जेवण वाचवणार. तुम्ही स्वतःच तो रस्ता उघडून दिलात. शिवाय ५ टक्क्यांचं कार्ड अमेरिकेत राहणाऱ्यांनाच मिळतं. भारतातून थेट येणारा माणूस त्याच्या बँकेच्या कार्डावर प्रत्येक व्यवहाराला परकीय चलनाचं शुल्क भरतो आणि महिनाभराने बिल पाहतो. त्याला एकरकमी, आधी ठरलेला खर्च बरा पडतो.

खानदेशी_खवय्या

स्नॅकवर कोणी बोललं नाही. स्नॅक क्रेडिट पाण्याच्या बाटलीवर घालवणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण पाणी फुकट आहे. एपकॉटचे महोत्सव असतात, शरद ऋतूत फूड अँड वाइन, वसंतात फ्लॉवर अँड गार्डन. त्या टपऱ्यांवरचे कितीतरी छोटे पदार्थ स्नॅक क्रेडिटवर मिळतात. स्नॅकची क्रेडिटं साठवून ठेवायची आणि एपकॉटच्या दिवशी एकदम वापरायची. संध्याकाळचं जेवण त्यातच होतं.

बोरीबंदर

पावती प्रत्येक वेळी बघा. काउंटरच्या ऐवजी टेबलाचं क्रेडिट कापलं, किंवा स्नॅकच्या ऐवजी जेवणाचं, असं गर्दीत होतं. उरलेली क्रेडिटं पावतीवर आणि ॲपमध्ये दिसतात. तिथल्या तिथे सांगितलं तर दुरुस्त होतं, दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर तासभर जातो. मोबाइलवरून मागवताना पैसे देण्याच्या पानावर योजना निवडायची राहिली तर कार्डातून पैसे जातात.

हिशेबी

साखरभात, आपण दोघं एका गोष्टीवर एकमत आहोत: तुमची बाजू खरी ठरायची तर पाचही टेबलं ५८ च्या वरचीच मिळायला हवीत. ती मिळतील का, हे योजना घेतल्यावर नाही, एका सकाळी ठरतं. चेक-इनच्या ६० दिवस आधी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी सहाला आरक्षण उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना त्याच दिवशी मुक्कामातल्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं धरता येतात. भारतातून बुकिंग करणाऱ्यांसाठी ती वेळ उन्हाळ्यात दुपारी साडेतीनची आहे.

क्रम असा ठेवायचा: आधी शेवटच्या दिवसांची टेबलं, कारण त्या तारखांसाठी तोवर स्पर्धा कमी असते; पहिल्या दिवसांच्या तारखा तुमच्या आधी चेक-इन असलेल्यांनी तोवर उचललेल्या असतात. शेफ मिकीज सगळ्यात आधी. नाव, माणसांची संख्या आणि कार्ड खात्यात आधीच भरून ठेवा. सहा जणांचं टेबल मिळत नसेल तर तीन-तीनची दोन घ्या. आरक्षण दोन तास आधीपर्यंत सोडता येतं, न सोडता न गेल्यास माणशी १० डॉलर कापतात.

त्या सकाळी पाचपैकी किमान तीन टेबलंही हाती लागली नाहीत, तर योजना काढून टाका. ६० दिवस आधी पॅकेज बदलायला वेळ आहे.

साखरभात

हे मान्य. माझ्याकडून फक्त एक भर: शेफ मिकीज मिळालं नाही तर लगेच हार मानू नका. जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी रोज रात्री ॲप उघडून बघत राहा. बरेच जण शेवटच्या क्षणी टेबलं सोडतात. पण ५८ च्या खालचं टेबल केवळ रिकामं आहे म्हणून धरायचं नाही.